एक नंबरची ट्यूब

"ताई, घात झाला. भाऊंचे स्नायू झिजलेत."

सर माझ्या टेबलाशी येऊन उभे होते. हातात पुण्याहून आलेल्या निकालाचा प्रिंट आणि चेहरा असा, की भाऊ गेलेच जणू. मी हात पुसले आणि कागद घेतला. नंबर एक, लाल. नंबर सत्तेचाळीस, हिरवा. आमच्या रजिस्टरप्रमाणे नंबर एक म्हणजे भाऊ, तालुक्याचे पुढारी. सत्तेचाळीस म्हणजे बशीरचाचा, मांजरसुंब्याच्या फाट्यावर फळांचा गाडा लावणारे.

कागद दोनदा वाचला आणि मला हसू फुटलं. सरांना ते अजिबात आवडलं नाही.

"हसताय काय? लिंबाजी आज रिपोर्ट न्यायला येणार आहे. फ्लेक्स छापायला टाकलाय त्यांनी. 'पोलादी नेतृत्व'. खाली रिपोर्टचा फोटो लावणार आहेत."

"मग लावू द्या की. लाल रंग फ्लेक्सवर उठून दिसतो."

"ताई, प्लीज."

मी बीडच्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. सर या लॅबचे मालक, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणूस हुशार आहे, खोटं कशाला बोलू? पण पुढाऱ्याची गाडी दारात थांबली की त्यांची हुशारी मागच्या दारानं निघून जाते. हा सगळा घोळ त्या गाडीपासूनच सुरू झाला.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं काम आमच्याकडं आलं होतं. आजारपणानं, ऑपरेशननं किंवा वयानं माणूस अंथरुणाला खिळला की त्याचे स्नायू झपाट्यानं झिजतात. महिन्याभरात मांडीची काडी होते. ती झीज रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून ओळखता येते का, हे त्यांना बघायचं होतं.

हा मायक्रोआरएनए काय प्रकार आहे ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या पेशीत डीएनए म्हणजे मंत्रालय समजा. तिथून हुकूम निघतो, स्नायूसाठी अमुक प्रथिन तयार करा. हुकमाचा कागद घेऊन जो खाली येतो तो मेसेंजर आरएनए. कागद आला की काम व्हायला पाहिजे. पण मधल्या टेबलावर एक बारका क्लार्क बसलेला असतो. उणापुरा बावीस अक्षरांचा जीव, तोच मायक्रोआरएनए. हा स्वतः काही बांधत नाही आणि काही पाडत नाही. आपल्या ओळखीचा कागद आला की त्यावर बसतो, बस्स. वर हुकूम निघालेला असतो, खाली काम होत नाही. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला सायन्स शिकावं लागत नाही.

स्नायूत बांधकाम आणि पाडकाम दोन्ही रोज चालू असतं. माणूस हिंडता-फिरता असला की दोन्हींचा मेळ बसतो. तो अंथरुणाला खिळला की बांधकामाच्या कागदांवर बसणारे काही क्लार्क वाढतात आणि पाडकामाचे कागद अडवणारे काही कमी होतात. मग बांधकाम बंद, पाडकाम जोरात. यातले काही क्लार्क पेशीतून निघून रक्तात येतात आणि ट्यूबमध्ये सापडतात. ते मोजून पुण्याच्या मशीननं झीज दिसली तर लाल आणि नसली तर हिरवा शेरा द्यायचा, असं ठरलं होतं. पुण्याच्या मॅडम मात्र स्पष्ट बोलायच्या. "हे अजून संशोधन आहे बरं का ताई. कोण कुठल्या कागदावर बसतो याची यादी आमच्याकडं पुरी नाही. व्यायामानं आकडे हलतात, रक्त नीट हाताळलं नाही तरी हलतात." सरांनी यातलं 'संशोधन' एवढंच ऐकलं आणि भाऊंना फोन लावला.

लाल निघालेल्या दहा जणांना आमच्याकडं आठ आठवडे मोफत व्यायाम मिळणार होता. फिजिओथेरपिस्ट येणार, मांडीला ताकद आणायचे व्यायाम करून घेणार, रोज अंडी-दूध-डाळ किती खायची ते सांगणार आणि गाडीनं ने-आण करणार. झिजलेल्या स्नायूला आजच्या घडीला हाच खरा उपाय आहे. जागा फक्त दहा.

भाऊंनी चौसाळ्यात मंडप दिला. शिबिराची तारीख त्यांच्या वाढदिवसाचीच निघाली, हा योगायोग म्हणे. 'भव्य मोफत स्नायू तपासणी शिबिर' असा बॅनर लागला. त्यावर भाऊ सहा फूट, सर अंगठ्याएवढे, आणि स्नायू कुणाचेच नाहीत.

बशीरचाचा सकाळी सात वाजता आले, मंडपवाला खुर्च्या मांडत होता तेव्हा. फळं उतरवताना टेम्पोतून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, दोन महिने पडून काढले. हाड जुळलं पण पाय परत आला नाही. मुलगा अजीम त्यांना मोटारसायकलवरून सोडून गॅरेजला गेला. चाचा काठी टेकत टेकत माझ्यापर्यंत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे सगळे कागद होते.

"बाई, सितापळाच्या दिवसांत मला गाड्यामागं उभं ऱ्हायचंय," म्हणाले. "बसून फळ इकलं जात न्हाई. गिऱ्हाईक निघून जातंय."

मी त्यांच्या मांडीला टेप लावली. उजवी मांडी डावीपेक्षा चांगली तीन बोटं बारीक भरली. मग खुर्चीची परीक्षा घेतली. यात हात छातीवर बांधायचे आणि कुठं न टेकता खुर्चीतून उठायचं. साधी गोष्ट आहे, पण मांडीत जीव असेल तरच जमते. चाचांनी तीन वेळा जोर लावला. एकदाही उठता आलं नाही. "माफ करा बाई," असं मलाच म्हणाले. मी त्यांचं रक्त घेतलं. पहिला माणूस, पहिली ट्यूब, नंबर एक.

ट्यूबवर नाव लिहायचं नव्हतं. पुण्यातल्या लोकांना कुणाचं रक्त आहे ते कळू नये, म्हणून फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते आमच्या रजिस्टरमध्ये. खरं तर तोच नंबर संमतीच्या फॉर्मवर आणि माझ्या मोजमापाच्या वहीतही लावायचा होता, प्रत्येकाला तीन स्टिकर. सर म्हणाले, "एक पुरे ताई, उगाच वाया कशाला." म्हणून ते एकच स्टिकर ट्यूबवर गेलं. बाकी सगळा भरवसा त्या रजिस्टरवर.

भाऊ दहाचे साडेअकराला आले. आधी जेसीबी आला. त्याच्या बकेटमधून झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस भाऊंवर पडला, आणि अर्धा माझ्या ट्यूबच्या स्टँडवर. मी पाकळ्या वेचत बसले. मग क्रेननं हार आला. तो हार घालायला आठ माणसं लागली. मग भाऊंनी खुर्चीची परीक्षा दिली. प्रत्येक वेळी ते उठले की कार्यकर्ते घोषणा द्यायचे, बसले की टाळ्या. दहा वेळा उठले. चोपन्न वर्षांचा माणूस, रोज जिममध्ये जाऊन रील टाकणारा, मांड्या अशा की माझी टेप कमी पडायची वेळ आली.

मी रक्त घेतलं आणि म्हटलं, "सत्तेचाळीस."

लिंबाजी पुढं आला. हा भाऊंचा उजवा हात. पंचेचाळिशीचा, पांढरा शर्ट, कानाला सतत मोबाइल.

"सत्तेचाळीस काय मॅडम? भाऊचा एक नंबर पायजे."

"एक झाला. सकाळी सातला झाला."

"कुनाचा झाला?"

"जो सात वाजता आला त्याचा."

"आवो मॅडम, मंडप भाऊचा, वाढदिवस भाऊचा आन् नंबर सत्तेचाळीस? रजिस्टरचा फोटो पडनार हाय ग्रुपवर. तिकडच्या पार्टीचे लोकं काय म्हनतील? भाऊ सत्तेचाळीसाव्या नंबरला गेला म्हनतील!"

"मग शून्य देऊ का? एकच्याही आधी येतो."

लिंबाजीला ते लागलं. सर मध्ये पडले. "ताई, द्या ना काहीतरी तोडगा काढून." मी म्हटलं, रक्ताच्या नंबरात तोडगा नसतो. एवढं बोलून मी मंडपामागं गेले. तिथं जनरेटरवर सेंट्रीफ्यूज चालू होता. मायक्रोआरएनएसाठी रक्त लगेच फिरवून वरचा पिवळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा काढावा लागतो. उशीर झाला की लाल पेशी फुटतात, त्यांतले क्लार्क बाहेर पडून गर्दी करतात आणि सगळा हिशोब बिघडतो. मी पाऊण तास तिकडं होते. परत आले तेव्हा लिंबाजी एकदम खूश होता. मला वाटलं, समजलं बिचाऱ्याला.

कप्पाळ माझं!

आता परत त्या प्रिंटकडं येते. भाऊ लाल, चाचा हिरवे. मी सरांना म्हटलं, "मला हे पटत नाही. चाचांना खुर्चीतून उठता येत नव्हतं आणि भाऊ बैठका मारत होते. उलटं कसं येईल?"

"ताई, तुमची टेप आणि खुर्ची कुठं, आणि हे मॉलिक्युलर लेव्हलचं काम कुठं! जे डोळ्याला दिसत नाही तेच तर यात दिसतं."

मी गप्प बसले. ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही. एवढं मोठं मशीन, एवढी शिकलेली माणसं, आपली टेप शिंप्याकडं असते तसली. मलाही क्षणभर वाटलं की असेल बाबा काहीतरी आतलं. सरांनी बाकीचे रिपोर्ट वाटून टाकले. लिंबाजीला सांगितलं, भाऊंचा सॅम्पल स्पेशल आहे म्हणून स्पेशल तपासणी चालू आहे. लिंबाजी मान ताठ करून गेला.

चार दिवसांनी चाचा लॅबमध्ये आले. कोपर सोलवटलेलं, पायजम्याला गुडघ्यावर माती. अजीम त्यांना धरून आला होता आणि खाली बघत होता.

झालं होतं असं. अजीमनं हिरवा रिपोर्ट वाचला आणि बापाला म्हणाला, अब्बा, पुण्याच्या मशीननं सांगितलंय तुमचे पाय ठीक हायत, आता बहाणे बस्स करा. त्याचंही काय चुकलं? कागदावर तसंच लिहिलं होतं, खाली आमच्या लॅबचा शिक्का होता. चाचा उठले, गाडा ढकलायला लागले आणि फाट्यावरच्या चढाला पाय मुडपला. गाडा मागं आला. ढाब्यावरच्या माणसांनी धावत येऊन अडवला म्हणून चाचा चाकाखाली गेले नाहीत.

"बाई," चाचा म्हणाले, "माझे पाय ठीक हायत असं तुमी लिहून दिलं. मग ते माझं ऐकत कावून न्हाईत?"

मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचाच. या माणसाला तीन वेळा खुर्चीत धडपडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि चार दिवस एका हिरव्या शेऱ्याला भिऊन गप्प बसले होते.

चाचांना बाकावर बसवलं, कोपर धुऊन पट्टी केली आणि शिबिराचं रजिस्टर काढलं. पहिल्या पानावर एक नंबरपुढं भाऊंचं नाव होतं. अक्षर माझं नव्हतं. बोट फिरवलं तर कागद खरखरीत लागला. पान उचलून खिडकीकडं धरलं. पांढऱ्या थराखाली, उलट्या बाजूनं, माझ्याच अक्षरात लख्ख दिसलं: बशीर. सत्तेचाळीसच्या पानावर तोच प्रकार. व्हाइटनर लावून नाव खोडलं होतं आणि वर ऐटीत दुसरं लिहिलं होतं. सरांनी याच रजिस्टरवरून यादी टाइप केली होती.

पण नुसत्या व्हाइटनरनं सर ऐकणार नाहीत, हे मला माहीत होतं. पुरावा पाहिजे होता, आणि तो फ्रीझरमध्ये होता. पुण्याला पाठवताना प्रत्येकाच्या प्लाझ्माचा थोडा भाग आम्ही इथं ठेवतो. प्लाझ्मावरूनही रक्तगट ओळखता येतो. आपल्याकडं ए गटाच्या आणि बी गटाच्या तयार लाल पेशी असतात. त्यांत प्लाझ्मा घालून फिरवायचा. ओ गटाच्या माणसाचा प्लाझ्मा दोन्हींच्या गुठळ्या करतो. एबी गटाच्या माणसाचा कशाचीच करत नाही.

चाचांच्या पिशवीतल्या डिस्चार्ज कार्डावर ओ पॉझिटिव्ह होतं. भाऊंचा गट विचारावा लागला नाही, तो तालुक्याला पाठ आहे. दर रक्तदान शिबिराच्या बॅनरवर असतो. एबी पॉझिटिव्ह. हा गट रक्त कुणाकडूनही घेऊ शकतो, देऊ शकतो मात्र फक्त आपल्यासारख्यालाच. देव कधीकधी माणूस बघून गट देतो.

एक नंबरच्या प्लाझ्मानं दोन्ही ट्यूबमध्ये दही फुटल्यासारख्या गुठळ्या केल्या. सत्तेचाळीसच्या दोन्ही ट्यूब स्वच्छ. मी सरांना बोलावलं. सरांनी ट्यूब उजेडात धरल्या, हलवल्या, परत धरल्या. मग खुर्चीत बसले.

"म्हणजे भाऊ हिरवे," ते म्हणाले आणि चेहरा उजळला. "वा! मग भाऊंचा रिपोर्ट हिरवा छापून टाका."

"आणि चाचा?"

"चाचांचा रिपोर्ट देऊन झालाय ना."

मला वाटलं माझ्या कानात काही गेलं.

"सर, तो माणूस बाहेर बाकावर बसलाय. गाड्याखाली जाता जाता वाचलाय."

"ताई, जरा समजून घ्या. अदलाबदल झाली असं पुण्याला कळवलं तर सगळेच सॅम्पल संशयात येतील. प्रोजेक्ट जाईल. भाऊंचं गुपचूप दुरुस्त करू. एक जागा रिकामी राहील, ती भाऊंच्या साडूला देऊ. चाचांना मी टॉनिक देतो."

"टॉनिक! त्यांच्या मांडीला टॉनिक पाजणार?"

"आवाज हळू, ताई."

एकतीस वर्षांत मी सरांच्या वडिलांवरही आवाज चढवला नव्हता, आणि लॅब तेव्हा त्यांची होती. त्या दिवशी मात्र चढला. मी सांगितलं, दोन्ही रिपोर्ट दुरुस्त होतील नाहीतर एकही होणार नाही, आणि पुण्याला तुम्ही फोन करणार नसाल तर मी करते. सर म्हणाले, "थांबा, घाई करू नका." तेवढ्यात दारात भाऊंची गाडी थांबली.

भाऊ आत आले. मागं लिंबाजी.

"काय डॉक्टर, चार दिवस झाले स्पेशल तपासनी चालू हाय. आमच्यात काय हिरे-मोती सापडले का काय?"

सर घाम पुसायला लागले. "भाऊ, रिपोर्ट एकदम…"

"लाल आलाय," मी म्हणाले.

लिंबाजीनं कानाचा मोबाइल खाली घेतला.

"लाल म्हंजे?" लिंबाजीनं विचारलं.

"म्हणजे भाऊंच्या मांड्या झिजल्यात. एक नंबरच्या ट्यूबचा निकाल आहे. एक नंबर भाऊंचा ना?"

भाऊंनी खाली आपल्या मांड्यांकडं बघितलं. खरंच बघितलं. मग एक पाय जरा आपटून पाहिला. मला हसू दाबायला तोंड फिरवावं लागलं.

"डॉक्टर, हे काय बोलतायत बाई? कुनाला दावलंय का हे? तिकडच्या पार्टीला कळलं तर म्हनतील भाऊ खुर्चीवरून उठंना!"

मी रजिस्टर काढून पान खिडकीला धरलं. "लिंबाजी, हे कुणी केलं?"

लिंबाजीनं क्षणभरही लपवालपवी केली नाही. उलट छाती काढली.

"मी केलं. व्हाइटनर मंडपवाल्याकडं हुतं. भाऊचा सत्तेचाळीसावा नंबर मला बघवला न्हाई. पन मॅडम, आईशप्पत सांगतो, ट्यूबला हात न्हाई लावला. नंबर बदलला, रक्त न्हाई बदललं!"

"अरे बाबा, तिथंच तर घोटाळा झाला!" मी म्हणाले. "रक्त जागच्या जागी राहिलं आणि नाव इकडचं तिकडं गेलं. एक नंबरच्या ट्यूबमध्ये बाहेर बसलेल्या चाचांचं रक्त आहे. तू भाऊंना त्यांचे पाय दिलेस."

भाऊंना आधी समजलं नाही. मग समजलं. चेहरा पुनवेसारखा फुलला.

"म्हंजे ते झिजलेले पाय माझे न्हाईत?"

"नाहीत."

"हात्तिच्या! मग ज्याचे हायत त्याला देऊन टाका की! आत्ताच्या आत्ता! लिहून द्या तसं, शिक्का मारून. पुन्याला फोन लावा डॉक्टर, माझ्यासमोर लावा. स्पीकरवर!" आणि लिंबाजीकडं वळून म्हणाले, "तू कावून बे नसती उठाठेव करतो? मला एक नंबर पायजे म्हनून कुनाचं बी दुखनं माझ्या नावावर घालतो का?"

सरांनी फोन लावला, दुसरा इलाजच नव्हता. पुण्याच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पाच मिनिटं सरांची इंग्रजीतून खरडपट्टी काढली, आणि उरलेल्या सगळ्या नंबरांची नावं माझ्या मोजमापाच्या वहीतल्या आणि फॉर्मच्या क्रमाशी ताडून पाहायला लावली. मला त्यात तीन दिवस गेले. दुसरी अदलाबदल निघाली नाही. लिंबाजीला फक्त एकाच माणसाच्या मानाची काळजी होती, ते बरं झालं. प्रोजेक्ट गेलं नाही. खरं सांगितल्यावर जातं, ही सरांचीच समजूत होती.

लाल रिपोर्ट चाचांच्या नावावर आला आणि दहावी जागा त्यांना मिळाली. अजीमनं बापाचे पाय धरले. चाचा त्याला म्हणाले, "ऊठ रे, आता माझे पाय धरू नको, पडंन मी." सगळे हसले, अजीम हसला नाही.

न्यायबुद्धीनं काही झालं नाही, हे लिहून ठेवते. भाऊंना चाचांशी देणंघेणं नव्हतं. स्वतःच्या मांड्यांची अब्रू वाचवायची होती, त्यात चाचांचं काम झालं. आठवड्यात चौसाळ्याला फ्लेक्स लागला. 'भाऊंच्या पाठपुराव्याला यश, गरिबाला मिळाला न्याय'. फोटोत भाऊ हसतायत आणि खालच्या कोपऱ्यात चाचांचे नुसते दोन पाय. बाकीचे चाचा छपाईत बसले नाहीत म्हणे. सर त्या फ्लेक्सवरही अंगठ्याएवढे आहेत आणि त्यांनी त्याचा फोटो केबिनमध्ये लावलाय.

आठ आठवडे चाचा नेमानं आले. पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टला शिव्या, तिसऱ्यात दुआ. रबराचा पट्टा ओढताना घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, "बाई, यापरीस गाडा हलका व्हता." अंडी खायचे, डाळ प्यायचे. मी दर सोमवारी टेप लावायची. सहाव्या सोमवारी तीन बोटांचं अंतर दीड बोटावर आलं. मी वहीत लिहिलं, आणि शेजारी एक छोटं फूलही काढलं. सर म्हणाले, वहीत फुलं काढू नका. मी दुसरं काढलं.

शेवटी दुसऱ्यांदा रक्त द्यायचा दिवस आला. क्लार्क आता कुठल्या कागदांवर बसलेत ते पुण्याला बघायचं होतं. या वेळी एक ते दहा असे नवे नंबर, प्रत्येकाला तीन स्टिकर होते, आणि लॅबमधला व्हाइटनर माझ्या कुलपात. बाजारात सीताफळं आली होती. चाचा साडेसातला दारात हजर, सोबत पाटीभर सीताफळं. काठी दिसली नाही. मी नंबर एकचं स्टिकर काढलं.

"नको बाई," चाचांनी हात वर केला. "मला शेवटचा नंबर द्या. तिथं कोन घुसत न्हाई."

"चाचा, आता कुणी नाव बदलणार नाही. मी आहे ना."

"तुमी तवा बी व्हत्या," चाचा म्हणाले. रागानं नाही, सहज म्हणाले.

मी दहा नंबर त्यांच्यासाठी बाजूला ठेवला.

ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. बाकीचे नऊ जण एकेक करून यायला लागले. कुणी आलं की चाचा उठायचे, "या, तुमी जावा पुढं," म्हणायचे, सीताफळ हातात द्यायचे आणि परत बसायचे. एका हातात पाटी, दुसऱ्यात फळ. टेकायला हात मोकळाच नव्हता. मी सुई लावता लावता मोजत होते. नऊ वेळा उठले, नऊ वेळा बसले. दहाव्यांदा माझ्या हाकेवर उठले आणि चालत आले.

मी वहीत लिहून टाकलं. पुण्याचा रिपोर्ट यायला अजून महिना होता.